भांडखोर कोंबडा की भांडखोर घराणं? कोंबड्यांमधली आक्रमकता ओळखण्याची, मोजण्याची आणि पिढ्यांमधून कमी करण्याची रीत

खुराड्याचं दार उघडलं की एक कोंबडा मानेची पिसं छत्रीसारखी फुलवून, एक पंख जमिनीला घासत तिरका तिरका चालत येतो. पुढच्या क्षणी तो हवेत असतो आणि त्याच्या पायाचे काटे तुमच्या नडगीवर. असा कोंबडा ज्याने पाळलाय तो एक वाक्य हमखास बोलतो, "याचा बापही असाच होता." खाण तशी माती.

हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. भांडखोरपणा आनुवंशिक असतो याला शंभराहून जास्त वर्षांची निरीक्षणं आणि साठेक वर्षांचे निवड-प्रयोग साक्षीला आहेत. गोंधळ होतो तो पुढच्या पायरीला. आपण एक वाईट कोंबडा काढून टाकतो, एक गरीब दिसणारा ठेवतो आणि पुढच्या वर्षी तेच रडगाणं पुन्हा. मी स्वतः चार पिढ्या हेच करत होतो. चूक कुठे होते आणि ती टाळून घरच्या छोट्या कळपात शांत वाण कसा तयार करायचा, ते आता क्रमाने पाहू.

पायरी १ : चोच कुठे पडते ते आधी बघा

"कोंबड्या एकमेकींना मारतात" या वाक्यात किमान पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि त्यांची आनुवंशिकता एक नाही. या पायरीवर घाई केली तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं.

पहिली गोष्ट खरी आक्रमकता. कोंबडी समोरून, मान उंच करून, दुसरीच्या डोक्यावर किंवा तुऱ्यावर वरून खाली ठोसा मारते. मार खाणारी मान आखडून बाजूला होते. हा मान-पानाचा हिशेब असतो. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरूप-एब्बे यांनी तो १९२१-२२ च्या सुमारास पहिल्यांदा नीट मांडून दाखवला. कोण कोणाला टोचू शकते याची उतरंड असते आणि एकदा ती ठरली की भांडणं उलट कमी होतात. वरच्या कोंबडीने नुसती मान वळवली तरी खालची दाण्यावरून सरकते. त्यामुळे जुन्या, ठरलेल्या कळपात अशी टोच दिसणं ही नेहमीची गोष्ट आहे, दोष नव्हे.

दुसरी गोष्ट पिसं उपटणं. इथे टोचणारी मागून येते, शांतपणे, जवळजवळ मायेने, आणि पाठीवरचं किंवा शेपटीच्या मुळाशी असलेलं पीस धरून ओढते. कधी ते खातेही. यात राग नसतो. हे दाणे शोधायच्या, माती उकरायच्या सवयीचं भरकटलेलं रूप आहे. मार खाणारी बऱ्याचदा पळतही नाही. याची आनुवंशिकता वेगळी मोजली गेली आहे. डेन्मार्कमध्ये व्हाइट लेगहॉर्न या अंड्यांच्या पांढऱ्या जातीच्या कोंबड्यांतून फक्त पिसं उपटण्याच्या सवयीवर निवड करून कमी उपटणारी आणि जास्त उपटणारी अशी दोन घराणी वेगळी काढण्यात आली. उतरंडीत वरची कोंबडी पिसं उपटणारी असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट गुदद्वाराजवळ टोचणं. अंडं घातल्यावर तिथली लाल त्वचा क्षणभर बाहेर दिसते, एखादी टोचते, रक्त येतं आणि मग सगळा कळप तुटून पडतो. चौथी गोष्ट नराने मादीवर केलेली जबरदस्ती. पाचवी, माणसावर हल्ला.

नराच्या बाबतीत एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅनडातल्या सुझॅन मिलमन आणि इयन डंकन यांनी २००० साली झुंजीच्या वाणाचे, अंड्यांच्या वाणाचे आणि मांसल वाणाच्या पैदाशीचे कोंबडे ताडून पाहिले. झुंजीचे कोंबडे दुसऱ्या नराशी सर्वांत आक्रमक निघाले, पण माद्यांना जखमा करण्यात पुढे होते ते मांसल वाणाचे. म्हणजे "आक्रमक वाण" हा शब्दच अपुरा आहे. कोणाशी आक्रमक, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आठवडाभर रोज पंधरा मिनिटं बसा आणि फक्त एवढंच लिहा : कोणी, कोणाला, समोरून की मागून, डोक्यावर की पाठीवर, मार खाणारी पळाली की उभी राहिली. आठवड्याअखेरीस तुमच्या कळपाचा आजार यांपैकी कोणता, ते वहीच सांगेल.

पायरी २ : रक्ताला दोष देण्याआधी दाण्याचा डबा उघडा

एका हंगामात मी घरीच दाणा मिसळायला लागलो. तीन आठवड्यांत एका घराण्याच्या तलंगांच्या (वयात येणाऱ्या कोंबड्यांच्या) शेपट्या बोडक्या झाल्या, दोघींना जखमा झाल्या. वहीत मी त्या घराण्यासमोर लाल फुली मारूनही टाकली होती. मग दाण्याची यादी पुन्हा वाचताना लक्षात आलं की मिश्रणात मीठच पडलं नव्हतं. मीठ सुरू केलं आणि थोड्या दिवसांत उपटाउपटी थांबली. ते घराणं पुढे माझं सर्वांत शांत घराणं निघालं. फुली अजून वहीत आहे, मुद्दाम खोडली नाही.

मीठ, प्रथिनं आणि प्रथिनांतला मेथिओनिन हा घटक कमी पडला की कोंबड्या पिसांकडे वळतात. दाटी, भगभगीत उजेड, दाण्याची आणि पाण्याची भांडी अपुरी असणं, अंडी घालायच्या जागा उघड्यावर असणं यांनीही तेच होतं. आणखी एक कारण सहज नजरेतून सुटतं, ते म्हणजे तांबडे माइट, कोळ्यांच्या जातीचे बारीक जीव. दिवसा ते बसायच्या दांड्यांच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालची बाजू बघा.

नवीन पक्षी कळपात सोडले की उतरंड पुन्हा पहिल्यापासून ठरते. त्या दिवसांतली भांडणं आनुवंशिकतेच्या हिशेबात धरायची नाहीत. माझा नियम असा : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीन आठवडे थांबायचं, मग पुन्हा मोजायचं. हे सगळं ठीक केल्यावरही जो फरक घराण्या-घराण्यांत उरतो, त्याच्याशीच आपलं काम आहे.

पायरी ३ : रक्तात नेमकं काय असतं ते समजून घ्या

कोंबडीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. तिचा जनुकसंच २००४ मध्ये वाचला गेला, तोही सर्व पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज असलेल्या तांबड्या रानकोंबडीचा. तेव्हापासून "भांडणाचं जनुक" शोधण्याचे प्रयत्न झाले, आणि उत्तर असं की तसं एक जनुक नाही. शेकडो जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात. चीनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये कोंबड्यांचा सगळा जनुकसंच चाळून सॉर्सीएस-टू नावाच्या जनुकाकडे बोट दाखवलं. त्याचा संबंध मेंदूत निरोप पोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाच्या कामाशी लागतो. डोपामिन आणि त्याच्यासारखंच सेरोटोनिन ही दोन नावं या विषयात पुन्हा पुन्हा येतात, भांडणातही आणि पिसं उपटण्यातही. पण तुमच्या कोंबड्याचं रक्त तपासून "हा भांडेल" असं सांगणारी चाचणी यातून निघालेली नाही. कोणी तशी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

दुसरं एक जनुक मात्र इतिहासासाठी मजेशीर आहे. थायरॉइडच्या कामाशी निगडित टीएसएचआर या जनुकाचं एक रूप आजच्या बहुतेक सगळ्या पाळीव कोंबड्यांत सापडतं. जुन्या हाडांमधल्या डीएनएवरून २०१७ मध्ये असं दिसलं, की युरोपात हे रूप वेगाने पसरलं ते साधारण हजार वर्षांपूर्वी. त्या काळात कोंबड्या जास्त संख्येने, एकत्र पाळल्या जाऊ लागल्या होत्या. या रूपाशी लवकर अंड्यावर येणं आणि आपल्याच जातभाईंशी कमी भांडणं हे दोन्ही गुण जोडले गेले आहेत. म्हणजे आपण आज जे करायला निघालोय ते नकळत कोणीतरी आधीच करून ठेवलंय.

जनुकं थेट चोच चालवत नाहीत, मधे संप्रेरकं असतात. १८४९ मध्ये जर्मनीतल्या गटिंगनच्या आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांची वृषणं काढली. ते कोंबडे आरवेनात, त्यांचा तुरा वाढेना, भांडायचं नाव नाही. ज्यांच्या पोटात वृषण परत बसवलं ते मात्र पुरते कोंबडे झाले, तुरा, आरवणं, झुंज सगळं आलं. मूळच्या नसा तुटलेल्या होत्या, तरीही. म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी उतरत होतं. आज आपण त्याला टेस्टोस्टेरॉन म्हणतो. किती टेस्टोस्टेरॉन तयार होतं आणि मेंदू त्याला किती दाद देतो, हे दोन्ही वंशातून येतं. म्हणून सारख्याच मोठ्या तुऱ्याचे दोन कोंबडे स्वभावाने दोन टोकांचे असू शकतात.

आता आनुवंशिकतेचं प्रमाण. कळपात दिसणाऱ्या फरकापैकी किती भाग पुढच्या पिढीला पोचतो, त्याचा हा आकडा. अमेरिकेत कॅन्ससमध्ये १९६० च्या दशकात क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या दोन जातींत वर्चस्वावर पिढ्यानुपिढ्या निवड केली. दोन्ही जातींत वरचढ आणि दबणारी अशी घराणी वेगळी झाली. निवड लागू पडते, पण सावकाश. समजा तुमच्या कळपात सरासरी टोचा १० आहेत आणि तुम्ही निवडलेल्या आई-बापांची सरासरी ६. फरक ४ चा. आनुवंशिकतेचं प्रमाण ०.२ धरलं तर पुढच्या पिढीला पोचतो ४ चा पाचवा भाग, म्हणजे ०.८. पिल्लांची सरासरी ९.२. एवढंच. एका पिढीत चमत्कार झाला असं कोणी सांगितलं, तर आधी त्याने दाणा बदलला होता का ते विचारा.

अजून एक बारकावा. अंड्याच्या बलकात आईची संप्रेरकं उतरतात, त्यामुळे आईची अवस्था पिल्लाच्या स्वभावात डोकावू शकते आणि ती जनुकासारखी भासते. खुडूक कोंबडीने वाढवलेली पिल्लं आणि यंत्रात उबवलेली पिल्लं यांची तुलना तर करूच नका, त्यांचं बालपणच वेगळं.

पायरी ४ : अशी मांडणी करा की घराणी ताडून बघता येतील

मला झेपलेली मांडणी सांगतो. चार कोंबडे, प्रत्येकासोबत पाच माद्या. अंडी सात दिवसांच्या आत गोळा करून चारही घराण्यांची एकाच दिवशी उबवायला ठेवायची. २१ दिवसांनी पिल्लं एकाच दिवशी बाहेर येतात. अंड्यावर पेन्सिलने घराण्याचा आकडा, आणि बाहेर येण्याआधी प्रत्येक घराण्याची अंडी वेगळ्या जाळीच्या कप्प्यात. इथे सरमिसळ झाली तर वर्ष गेलं.

पिल्लांना लगेच आकडे घातलेल्या कड्या. प्रत्येक घराण्याला वेगळा रंग देण्याचा मोह होतो, तो टाळा. दोन कारणं. एक, "लाल कडीवाली भांडखोर" असं एकदा डोक्यात बसलं की डोळे तेच बघतात. दुसरं, कोंबड्या रंग बघतात आणि वेगळ्या दिसणाऱ्याला टोचतात. पाठीवर रंगाची खूण केलेले मोजके पक्षी कळपाचं गिऱ्हाईक होतात, हे प्रयोगांतही दिसलं आहे. खूण करायचीच तर सगळ्यांना करा. सगळ्या कड्या एकाच रंगाच्या असू द्या, फरक फक्त आकड्याचा.

पहिले पाच आठवडे सगळी पिल्लं एकत्र, एकाच उबेत. मग उतरंड पक्की व्हायच्या आधीच त्यांना घराण्यानुसार खणांत वाटायचं. प्रत्येक घराण्याला दोन खण, प्रत्येक खणात सहा तलंगा. चार घराणी, आठ खण, ४८ तलंगा. दोन खण का? कारण एक खण दाराजवळ असतो, एक कोपऱ्यात, आणि जागेचा गुण घराण्याच्या नावावर चढतो. एकाच घराण्याचे दोन्ही खण शेजारी ठेवू नका. नर वेगळ्या कळपात.

चोची कापू नका. कापलेल्या चोचीने टोचलं तर जखम कमी होते आणि जे मोजायचंय तेच झाकलं जातं. मात्र यामुळे तुमच्यावर एक जबाबदारी येते. जखमी पक्षी त्याच दिवशी बाहेर काढायचा आणि तो काढला हीच त्या खणाची नोंद.

झुंजी लावून वर्चस्व ठरवण्याच्या भानगडीत पडू नका. ते क्रूर आहे, अनेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि मोजमाप म्हणूनही निरुपयोगी आहे. वजन, तुऱ्याचा आकार, कोणाच्या जागेत गाठ पडली, कालची लढत कोण जिंकलं, या सगळ्यांनी निकाल फिरतो. जिंकलेला पक्षी पुढची लढत जिंकण्याची शक्यता वाढते, हरलेल्याची घटते. यात जनुक कुठे आहे?

पायरी ५ : मोजा, पण थोडं आणि नेमाने

सकाळचा दाणा टाकल्यावर प्रत्येक खणासमोर दहा मिनिटं बसायचं. पहिली दोन मिनिटं मोजायचं नाही, पक्षी तुमच्या येण्याने बिथरलेले असतात. मग डोक्यावरच्या टोचा एका रकान्यात, पाठी-शेपटीच्या दुसऱ्या रकान्यात, पाठलाग तिसऱ्यात. खणांचा क्रम रोज बदला, नाहीतर शेवटचा खण नेहमी पोट भरल्यावरच दिसेल. आठवड्यातून दोन दिवस पुरे, पण आठवडा चुकवू नका.

महिन्यातून एकदा प्रत्येक पक्षी हातात घेऊन मान, पाठ, शेपटीचं मूळ आणि गुदद्वार अशा चार जागा बघा. पिसं शाबूत असतील तर ०, झिजलेली असतील तर १, टक्कल पडलं असेल तर २, जखम असेल तर ३. मानेच्या पुढची पिसं दाण्याच्या भांड्यावर घासूनही जातात आणि पिसं झडायचा मोसमही असतो, तेव्हा नवे कोंब फुटताना दिसले तर ते उपटणं समजू नका. सोबत मर आणि अंडी लिहा. खरं तर चाळीस-पंचेचाळीस आठवड्यांनंतर हाती उरणारे सर्वांत भरवशाचे आकडे हेच असतात : किती जगल्या, किती अंडी दिली, पिसं किती राहिली.

पायरी ६ : पक्षी निवडू नका, खण निवडा

सगळ्या लेखातली कळीची पायरी ही. माझ्या चार वाया गेलेल्या पिढ्यांचं कारणही इथेच आहे.

एखाद्या कोंबडीच्या अंगावरची पिसं तिच्या जनुकांवर अवलंबून असतात, त्याहून जास्त तिच्या सोबतिणींच्या जनुकांवर. ती स्वतः कितीही गरीब असो, शेजारीण उपटणारी असेल तर ती बोडकी होणार. उलट खणातली गुंड कोंबडी टवटवीत दिसते, भरपूर खाते, भरपूर अंडी देते. आपण वहीत "सर्वोत्तम अंडी" बघून तिलाच पैदाशीला ठेवतो आणि तिचा गुंडपणा सहा पिल्लांत वाटून टाकतो. शितावरून भाताची परीक्षा इथे साफ फसते.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी हे उलटं केलं. सावत्र-सख्ख्या बहिणींचं आख्खं कुटुंब एका पिंजऱ्यात ठेवायचं आणि निवड करायची ती आख्ख्या पिंजऱ्याची. पिंजरा एकत्रितपणे चांगला निघाला तर सगळं कुटुंब पास, नाहीतर सगळं नापास. १९९६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे असे : सामूहिक पिंजऱ्यांतली वार्षिक मर दुसऱ्या पिढीत ६८ टक्के होती, ती चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आली. निवड न केलेल्या घराण्याच्या कोंबड्या एकेकट्या पिंजऱ्यात ठेवल्या तरी मर ९.१ टक्के होती. म्हणजे एकत्र राहण्याचा त्रास जवळजवळ संपलाच. ठेवलेल्या कोंबडीमागे अंडी ९१ वरून २३७ झाली. अंडी वाढली ती मुख्यतः कोंबड्या जगल्या म्हणून.

वर मी आनुवंशिकतेचं प्रमाण ०.२ धरून निराश करणारं गणित मांडलं होतं. म्यूर यांचे आकडे त्या गणितात बसत नाहीत, कारण त्यात पक्ष्याचा दुसऱ्यांवर होणारा आनुवंशिक परिणाम धरलेलाच नाही. खण निवडला की दोन्ही परिणाम एकदम पकडले जातात. खणात सगळ्या बहिणी असतात, त्यामुळे टोचणारीचं जनुक आपल्याच बहिणींना मारून स्वतःचा खण पाडतं आणि यादीतून बाहेर जातं.

तेव्हा आठ खणांची यादी करा. प्रत्येक घराण्याच्या दोन्ही खणांची सरासरी काढा. दोन खण एकमेकांशी जुळत नसतील, एक उत्तम आणि एक भयाण, तर तिथे जागेचा किंवा दाण्याचा दोष शोधा, घराण्याबद्दल निकाल देऊ नका. जुळत असतील तर वरची दोन घराणी ठेवा. नरही त्याच घराण्यांतले, म्हणजे ज्यांच्या बहिणींचे खण चांगले निघाले त्यांचे भाऊ. नर स्वतः कसा दिसतो याला दुय्यम महत्त्व. राजबिंडा पण पडेल खणातला भाऊ मला अजूनही सोडवत नाही, हे कबूल करतो.

मार खाणाऱ्याचीही जनुकं असतात, हे विसरू नका. स्वीडनमध्ये तांबडी रानकोंबडी आणि व्हाइट लेगहॉर्न यांच्या संकराची दुसरी पिढी तपासली तेव्हा पिसांच्या रंगाचं पीएमईएल-१७ हे जनुक सापडलं. त्याचं रानटी, रंगीत रूप दोन्ही बाजूंनी आलेल्या पक्ष्यांची पिसं जास्त उपटली गेली, पांढऱ्यांची कमी. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या कळपात रंगीत-पांढरे मिसळलेले असतील तर एखाद्या घराण्याची बोडकी पाठ रंगामुळेही असू शकते. शक्यतो एका रंगाच्या घराण्यांची तुलना एकमेकांत करा.

पायरी ७ : गुण बापाकडून की आईकडून?

पक्ष्यांत उलटा कारभार आहे. नराकडे झेड-झेड गुणसूत्रं, मादीकडे झेड-डब्ल्यू. मुलीला झेड मिळतं ते फक्त बापाकडून, मुलाला दोघांकडून. त्यामुळे झेडवर बसलेला एखादा घटक भांडखोर आईकडून मुलीत जाऊच शकत नाही, मुलांत जातो.

पडताळायचं असेल तर दोन्ही बाजूंनी संकर करा : शांत घराण्याचा नर आणि भांडखोर घराण्याच्या माद्या, आणि उलट. दोन्हीकडच्या मुली सारख्याच निघाल्या तर झेडचा मोठा वाटा नाही. मुली बापाच्या वळणावर गेल्या तर संशय घ्यायला जागा आहे. मुली आईच्या वळणावर गेल्या तर बलकातली संप्रेरकं किंवा आईचा सांभाळ यांकडे बघा. घरगुती पाळणाऱ्याला ही पायरी गाळली तरी चालेल. मी ती कुतूहलापोटी केली.

पायरी ८ : माणसावर येणारा कोंबडा

याचा निकाल वेगळा लावायचा. यात वंशाचा वाटा आहे. स्वीडनमधल्या लिंकोपिंगला संशोधक तांबड्या रानकोंबड्यांतून फक्त माणसाला कमी घाबरणारे पक्षी निवडत गेले, तेव्हा काही पिढ्यांतच ते अंगाने मोठेही झाले. पण न घाबरणं म्हणजे प्रेमळ असणं नव्हे. एकटा, हातावर वाढवलेला कोंबडा माणसाला आपल्यातलाच एक समजतो आणि वयात आल्यावर प्रतिस्पर्धी मानतो. असा कोंबडा बिघडला तर त्यातला किती भाग रक्ताचा आणि किती लाडाचा, हे कोणालाच वेगळं काढता येत नाही.

म्हणून नर भावांसोबत, थोरल्या कोंबड्यांच्या धाकात वाढवा आणि वर्षाचा होईपर्यंत पैदाशीला घेऊ नका. सहा महिन्यांचा साधाभोळा कोंबडा दहाव्या महिन्यात नडगी फोडतो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. वर्षाचा झाल्यावर पाठ करून उभं राहा, वाकून दाणे उचला, त्याच्या देखत एक मादी उचलून घ्या. या तीनही वेळा जो अंगावर आला त्याची अंडी उबवायची नाहीत, मग त्याच्या बहिणींचे खण कितीही चांगले असोत. आणि माद्यांच्या पाठी, डोक्यामागची जागा तपासा. एकाच कोंबड्याच्या सगळ्या माद्या तिथे फाटलेल्या असतील तर तोही बाद.

दुसरं टोकही टाळा. नुसते भित्रे पक्षी निवडत गेलात तर शांतता मिळते, पण पान हललं तरी सगळा कळप कोपऱ्यात एकावर एक चढतो आणि खालचे गुदमरतात.

पायरी ९ : नात्यातलं जुळवणं किती चालेल

दोनच घराणी ठेवली की रक्त जवळ येतं. ढोबळ हिशेब असा : नरांच्या संख्येच्या आठपटीने एकाला भागा, माद्यांच्या संख्येच्या आठपटीने एकाला भागा, दोन्ही मिळवा. एक नर आणि दहा माद्या असतील तर १/८ अधिक १/८०, म्हणजे प्रत्येक पिढीला १३.७५ टक्के जवळीक वाढते, हे फार झालं. चार नर आणि वीस माद्या असतील तर ३.७५ टक्के. म्हणून निवडलेल्या दोन घराण्यांतून प्रत्येकी दोन नर घ्या, आणि एका घराण्याचे नर दुसऱ्याच्या माद्यांवर, अशी अदलाबदल ठेवा. सगळे नर एकाच बापाचे असले तर कागदावरचे चार प्रत्यक्षात एकच.

बाहेरचा नर आणायचा तर आधी त्याची मुलं वेगळ्या खणात तपासायची. भांडणासाठी शतकानुशतकं निवडलेल्या असील किंवा शामोसारख्या वाणाचा अंश वजनासाठी आणला तर त्याच्यासोबत काय येतं, ते एका पिढीत समजतं, घालवायला मात्र बऱ्याच लागतात.

आणि नर बदलताना कोंबडीचं शरीर लक्षात ठेवा. तिच्या अंडनलिकेत आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. जुना नर काढल्यापासून तीन आठवडे अंडी उबवणीसाठी धरायची नाहीत, खायला न्या. माझ्या वहीत एक आख्खी पिढी "नव्या कोंबड्याची" म्हणून लिहिलेली आहे. त्यातली निम्मी पिल्लं तुऱ्यावरून सरळ जुन्याचीच निघाली होती.